किल्लेदाराच्या नातवाचं इंग्रजी

पळस्पे फाटा सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलात की डावी-उजवीकडे न बघता समोर बघा. अंगठा वर काढावा तसा एक सुळका दिसेल. तो कर्नाळा. तुमच्यापैकी निम्म्यांनी तिथे ट्रेक केला असेल, उरलेल्यांनी पक्षी अभयारण्याच्या गेटवर वडापाव तरी खाल्ला असेल. आता एक गंमत ऐका. आपण ज्याला कर्नाळा म्हणतो, त्याच डोंगराला साहेबानं आपलं वेगळं नाव ठेवलं होतं. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये तो ‘फनेल हिल’ म्हणून सापडतो. त्यांना त्या सुळक्यात बोटीचं धुराडं दिसलं असणार. एकच डोंगर, पण ज्याच्या हातात कागद, त्याची भाषा आणि त्याचंच नाव.

किल्ल्यावरही भाषांचा असाच खेळ आहे. खालच्या दरवाजावर मराठी शिलालेख आहे, तो इतका झिजलाय की वाचता येत नाही. वरच्या दरवाजाकडे फारसी लेख आहे. मराठी, फारसी आणि मग इंग्रजी. एकाच चढणीत तुम्ही तीन राजवटींच्या भाषा ओलांडता.

या किल्ल्याच्या शेवटच्या मराठी किल्लेदारांचं नाव अनंतराव फडके. १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या फौजेनं कर्नाळा घेतला आणि पेशवाईबरोबर अनंतरावांची किल्लेदारीही गेली. घराणं पायथ्याजवळच्या शिरढोणला राहिलं. त्याच घरात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी बळवंतरावांना मुलगा झाला. तो वासुदेव. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके म्हणून ओळखू लागला. पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, तिथे नाटक बघायला तुम्ही जाता, तेच हे.

बंडाची गोष्ट तुम्हाला शाळेत सांगितलेली असते. रामोशी, धाड, अटक, एडन. परीक्षेला तेवढं पुरतं. पण हा माणूस बंड करण्याआधी दीड दशक इंग्रजी कचेरीत कारकून होता, आणि एका मुलांच्या शाळेच्या उभारणीतही त्याचा हात होता, हे सहसा कुणी सांगत नाही. आज आपण त्याच बाजूनं बघू. कारण आत्ता तुमच्या घरात, तुमच्या धाकट्या भावंडावरून जो वाद चालतो, याला कोणत्या मीडियमला घालायचं, जर्मन लावायचं की फ्रेंच, पहिलीपासून की पाचवीपासून, तो वाद वासुदेवच्या जन्माच्या वेळी मुंबईत अगदी ऐन भरात होता.

तेव्हा मुंबई इलाख्यात ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ नावाचं मंडळ शिक्षणाचा कारभार बघायचं. अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, हायकोर्टाच्या आधीच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. त्यांचा आग्रह इंग्रजीचा. सरकारकडे पैसा थोडा आहे, तो थोड्या लोकांना उत्तम इंग्रजी शिकवण्यात घालवा, असं त्यांचं गणित. समोर उभे राहिले मूळचे मुरबाडकडचे नाना शंकरशेट. त्यांच्या बाजूला एक साहेबच होता, जॉर्ज जर्व्हिस, ज्यानं मराठीत गणिताची पुस्तकं तयार करवली होती. शंकरशेट इंग्रजीचे शत्रू मुळीच नव्हते, हे नीट लक्षात घ्या. एल्फिन्स्टनच्या नावानं कॉलेज काढण्यात ते पुढे होते. त्यांचं म्हणणं एवढंच की ज्ञान मुलाच्या कानाला ओळखीच्या भाषेतून गेलं पाहिजे. इंग्रजी शिकवा, पण ते शिकवण्यासाठी मराठी काढून घेऊ नका. बोर्डात दोन तट पडले. शेवटी तडजोड झाली, आणि १८५४च्या वुडच्या खलित्यानं तीच वाट साधारण कायम केली. खाली देशी भाषा, वर इंग्रजी.

म्हणजे प्रश्न ‘इंग्रजी हवं की नको’ हा नव्हता. कधी, आणि कशाच्या बदल्यात, हा होता. दोनशे वर्षं होत आली, आपण अजून तिथेच आहोत.

आता शिरढोणच्या पोराकडे येऊ. वासुदेवचं आजोळ कल्याणचं. बालपणाचा बराच काळ तिकडे गेला आणि शिकणंही तिथेच सुरू झालं. आधी मराठी, मग थोडं इंग्रजी, हाच त्या काळचा रिवाज. पुढे मुंबई आणि पुणे इथेही थोडं शिक्षण झालं. हा मुलगा काही पुस्तकातला किडा नव्हता. तालीम, घोडा, हुंदडणं यात जीव जास्त. शाळा त्यानं पुरी केली नाही. मार्कांच्या भाषेत बोलायचं तर आपला हिरो ड्रॉपआउट.

पण एक विचार करा. पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात परकी भाषा लहान मुलांना शिकवणं हे इंग्रजांनी आणलेलं नवल नव्हतंच. भिक्षुकाच्या घरचा मुलगा आठव्या वर्षी मुंज झाली की संस्कृत पाठ करायला बसे. मुसलमान मोहल्ल्यात पोरं अरबी अक्षरांवरून बोट फिरवत. पनवेलमध्ये बेने इस्राएल समाजाची वस्ती होती; १८४९ साली त्यांचं बेथ एल सिनेगॉग इथे उभं राहिलं, आणि घरी मराठी बोलणारी त्यांची मुलं प्रार्थनेला हिब्रू म्हणत. तीन धर्म, तीन परक्या भाषा, सगळ्या कोवळ्या वयात आणि सगळ्या पाठांतरानं. त्यातल्या एकाही भाषेनं मराठीला घरातून हाकललं नाही. का? मला वाटतं, कारण त्या देवाच्या भाषा होत्या. इंग्रजी ही पहिली पगाराची भाषा होती. देवाची भाषा देव्हाऱ्यापाशी थांबते. पगाराची भाषा जेवणाच्या पाटापर्यंत येते.

आणि पगार वाढत होता, म्हणजे पगाराच्या जागा वाढत होत्या. १८५३ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८५४ला ती कल्याणपर्यंत आली. वासुदेव तेव्हा आठ वर्षांचा. गाडी नुसती आली नाही, तिच्याबरोबर तिकिटं आली, हिशेबाच्या वह्या आल्या, वेळापत्रकं आली, आणि ते सगळं इंग्रजीत. १८५७ला मुंबई विद्यापीठ निघालं. थोडंबहुत इंग्रजी येणाऱ्या पोराला एकदम बाजारभाव आला. आज कोडिंग येणाऱ्याला आहे ना, तसा.

वडिलांच्या मनात होतं की मुलानं शिक्षण सोडून महिना दहा रुपयांवर दुकानात चिकटावं, असं चरित्रांत येतं. मुलानं नकार दिला आणि मुंबई गाठली. जी.आय.पी. रेल्वेत नोकरी केली, ग्रँट मेडिकल कॉलेजात केली, आणि मग लष्कराच्या हिशेबखात्यात, कमिसरिएटच्या कचेरीत चिकटला. तिथून बदली पुण्याला. अर्धवट इंग्रजीनं एवढं दिलं. सरकारी नोकरी, पुण्यात बिऱ्हाड, शिरढोणला पाठवायला चार पैसे. त्या काळच्या कुठल्याही आईबापाला विचारा, मुलाला इंग्रजीला घातल्याचं सार्थक झालं असंच म्हणाले असते.

इथपर्यंत ही गोष्ट तुमच्या कॉलनीतल्या कुणाचीही असू शकते.

मग १८७०च्या सुमारास शिरढोणहून निरोप आला, आई फार आजारी आहे. फडक्यांनी रजा मागितली. आता कल्पना करा, लष्करी हिशेबाच्या त्या कचेरीचा सगळा व्यवहार इंग्रजीतला. ज्या भाषेत सैन्याच्या दाणागोट्याचे आकडे लिहायचे, त्याच भाषेत आई मरणाला टेकलीय हे लिहायचं. रजा वेळेवर मिळाली नाही. फडके तसेच निघाले, घाट उतरून घरी पोचले, तोवर आई गेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठीही रजा नाकारली गेली. त्यांच्या मनात सरकारविषयी जी अढी बसली ती इथे, असं जवळजवळ सगळे चरित्रकार मानतात. मीही मानतो, फक्त एक पुस्ती जोडून. ज्या भाषेनं पोट भरलं, त्या भाषेत आपल्या दुःखाला किंमत नाही हे त्या दिवशी त्यांना कळलं असावं. माणूस असा दुभंगला की दोनच गोष्टी होतात. एक तर तो ती भाषा बोलणाऱ्याच्या पायाशी जाऊन बसतो, नाहीतर उठून उभा राहतो.

फडके उठले, पण लगेच तलवार घेऊन नाही. हे मधलं पान मला सगळ्यात जास्त आवडतं आणि हेच आपण उलटून टाकतो.

दिवसभर कचेरीत इंग्रजी आकडेमोड करणारा हा कारकून संध्याकाळी पुण्याच्या रस्त्यावर ताट वाजवत फिरायचा. कशासाठी? तर आपल्याच व्याख्यानाची दवंडी पिटायला. आज रील टाकतात तसं, पण पायी आणि स्वतःच. शनिवारवाड्यापुढे लोक जमत आणि हे मराठीत बोलत. न्यायमूर्ती रानड्यांची व्यापारावरची व्याख्यानं ते ऐकत होते. इथला कच्चा माल बाहेर जातो आणि पक्का होऊन महाग परत येतो, हे रानड्यांनी अर्थशास्त्रातून मांडलेलं. फडक्यांनी ते चौकात नेलं. तरुणांसाठी त्यांनी ऐक्यवर्धिनी सभा काढली. आणि वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत त्यांचं नाव जोडलं गेलं एका शाळेशी, पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन.

नाव बघा. ‘पूना’, ‘नेटिव्ह’, ‘इन्स्टिट्यूशन’. तीन शब्दांत एकही मराठी नाही, आणि ‘नेटिव्ह’ तर साहेब ज्या सुरात म्हणायचा तो सूर काही मानाचा नव्हता. पण तोच शब्द या मंडळींनी पाटीवर लावला. सरकारी नाही, मिशनऱ्यांची नाही, आमची. हीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. पुण्यातल्या जुन्या लोकांना पेरूगेटजवळचं भावे स्कूल माहीत असतं, ते याच मुळाचं. संस्था आपलं स्थापनावर्ष १८६० सांगते. फडके तेव्हा जेमतेम पंधराचे, म्हणून त्यांचा खरा हातभार पुण्यात स्थिरावल्यानंतरचा धरावा लागेल. मूळ कष्ट भाव्यांचे, यातही वाद नको. पण इंग्रज सरकारवर आतून जळणारा माणूस मुलांना शिकवणाऱ्या नव्या पद्धतीच्या शाळेला हात लावतो, तिथून इंग्रजी हद्दपार करा असं म्हणत नाही, यात विचार आहे.

त्या काळात मुलाला इंग्रजी शिकवायचं तर दोन मोठे दरवाजे होते. एक सरकारी शाळा, तिथून बाहेर पडला की कारकून. दुसरी मिशनची शाळा, तिथे बायबलचा तास ठरलेला, आणि आईबापांना धर्मांतराची धास्ती. म्हणजे भाषा शिकायची तर तिच्याबरोबर येणारं गाठोडंही उचला. भावे-इंदापूरकर-फडके या मंडळींनी तिसरा दरवाजा केला. तीच भाषा, तेच विषय, पण शिकवणारा आपला आणि शाळेची मान ताठ. हेच सूत्र पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी जानेवारी १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढताना मोठ्या ताकदीनं वापरलं, आणि त्यालाच आपण राष्ट्रीय शिक्षणाची सुरुवात म्हणून ओळखतो. आधीच्या छोट्या पाटीकडे लक्ष जात नाही, एवढंच.

घरातही एक शाळा होतीच. पहिली पत्नी वारल्यावर फडक्यांचं दुसरं लग्न झालं, गोपिकाबाईंशी. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्या वयानं अगदी लहान होत्या. आज आपल्याला ते पटणारं नाही आणि पटवून घेऊही नये. पण या घरात नवऱ्यानं बायकोला लिहायला-वाचायला शिकवलं. शिवाय घोड्यावर बसणं आणि हत्यार धरणंही. लिहिणं-वाचणं मराठीतलं. ज्या माणसानं स्वतःच्या लहानपणी आधी इंग्रजी पुस्तक आणि मग नोकरी अशी वाट पाहिली, त्यानं घरात मात्र सुरुवात मराठी अक्षरांपासून केली.

इथे थोडं थांबून आजचं बोलू या, कारण घरचा वाद मिटवायला तुम्हालाच बसवतात. लहान वयात परकी भाषा शिकवावी का? कान तेव्हा कोवळा असतो, हे खरंच आहे. तान्ह्या बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येतात, आणि वर्ष सरता सरता ते कसब आजूबाजूच्या भाषेपुरतं उरतं. म्हणून लवकर सुरुवात केलेल्या मुलाचे उच्चार छान होतात. पण व्याकरण, वाचन, विचार मांडणं यात थोडी मोठी मुलं सुरुवातीला भराभर पुढे जातात, कारण एका भाषेचा सांगाडा त्यांच्या डोक्यात तयार असतो. आणि आठवड्यातून दोन तास, तेही पाठांतराचे, एवढ्यानं लहान वयाचा फायदा मिळत नाही. भाषा कानावर सतत पडावी लागते, तिच्यात खेळावं-भांडावं लागतं. आपल्या राज्यात २०००पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०मध्ये मात्र शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं म्हणतं. दोन्ही एकत्र नांदू शकतात. विषय म्हणून नवी भाषा आणि माध्यम म्हणून आपली भाषा, हे शंकरशेटांनी बोर्डात भांडून सांगितलंच होतं की.

बरं, आता बंड. तुम्हाला ठाऊक आहे म्हणून भराभर जातो.

१८७६ ते १८७८ दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. फडके गावोगाव हिंडले, माणसं मरताना बघितली. पुण्यातले पांढरपेशे सुशिक्षित टाळ्या वाजवतात, पण सोबत येत नाहीत, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. इंग्रजी शिकलेला वर्ग नोकरी सोडणार नव्हता. तोट्याचा हिशेब त्यालाच सर्वात चांगला यायचा. मग ते गेले ज्यांना इंग्रजीचं अक्षर माहीत नाही त्यांच्याकडे. तालमीत त्यांना लहुजी साळव्यांसारखा गुरू मिळालेला होताच. रामोशी, कोळी, मांग, अशा मंडळींची फळी उभी राहिली. फेब्रुवारी १८७९मध्ये शिरूरकडच्या धामारीवर पहिली मोठी धाड पडली.

मे महिन्यात बंडाची धग थेट आपल्या दारात आली. दौलतराव नाईक फडक्यांचा उजवा हात. त्यांच्या टोळीनं १० आणि ११ मे १८७९ला कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली इथे धाड घातली. हो, तेच पळस्पे, जिथे तुम्ही एसटी बदलता. दीडेक लाखाची लूट घेऊन घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं त्यांना गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले. फडक्यांचं कंबरडं तिथे मोडलं.

त्याच महिन्यात त्यांनी सरकारला एक जाहीरनामा धाडला. दुष्काळात लोकांना काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा, नाहीतर परिणाम भोगा, असा त्याचा आशय. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर त्यांनी इनाम लावलं. लंडनच्या वृत्तपत्रांपर्यंत त्याची चर्चा गेली. मला या कागदात बंडखोर कमी आणि कमिसरिएटचा माजी कारकून जास्त दिसतो. सरकारचा पैसा कुठे जातो, कोणाचा पगार किती, हे बाहेरच्या माणसाला इतक्या नेमकेपणानं कुठून कळणार? पंधरा वर्षं त्याच वह्या त्यांनी भरल्या होत्या. इंग्रजीनं त्यांना पगार दिला तसा सरकारच्या तिजोरीचा नकाशाही दिला. भाषा शिकवणाऱ्याला आपण काय काय शिकवून ठेवलंय याचा पत्ता नसतो.

हरल्यावर ते दक्षिणेकडे निघाले. श्रीशैल मल्लिकार्जुनापाशी जाऊन बसले. मुलूख तेलुगू, हाताशी माणसं नाहीत, पुढचं काही दिसत नाही. तिथे त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं. कोणत्या भाषेत, हे विचारायला नको. मराठीत. आई, घर, नोकरी, दुष्काळ, बंड फसल्याची टोचणी, सगळं. सरकारी वहीत आयुष्याची इतकी वर्षं इंग्रजी लिहिणाऱ्या हाताला मन मोकळं करताना ती भाषा आठवली नाही.

जुलै १८७९मध्ये आजच्या विजापूर भागातल्या देवर नावडगी इथे, तापानं फणफणलेले असताना, मेजर डॅनियल आणि निजामाचे अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडलं. खटला पुण्यात चालला. आणि इथे कर्नाळ्याच्या त्या दोन नावांची आठवण यावी असं काही घडलं. सरकारकडे मोठा पुरावा होता तो फडक्यांच्याच हातचा: दैनंदिनी आणि आत्मचरित्र. पण न्यायाधीश इंग्रज, कोर्टाची भाषा इंग्रजी. म्हणून त्या मराठीचं सरकारी भाषांतर झालं आणि त्यावर खटला उभा राहिला. श्रीशैलाच्या एकांतात स्वतःपाशी बोललेलं वाक्य पुण्याच्या कोर्टात इंग्रजी कबुलीजबाब होऊन आलं. त्यांच्या बचावाला उभे होते सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी. कोर्टाच्या परीक्षा देऊन वकील झालेला, इंग्रजी कायद्यात मुरलेला पण अंगावर स्वदेशी खादी घालणारा माणूस. फडक्यांचं वकीलपत्र तेव्हा घेणं म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणं, तरी त्यांनी ते घेतलं. अडचणीच्या वेळी समोरच्याची भाषा येणारा आपला माणूस लागतो, तो असा. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला, जन्मठेप काळ्या पाण्याची.

जानेवारी १८८०. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये नव्या मुलांची भरती चालू होती, आणि त्याच महिन्यात फडक्यांना एडनला नेणारी बोट सुटली.

एडनच्या तुरुंगात त्यांच्याकडे शरीराची ताकद तेवढी उरली होती. एके रात्री त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि पळाले. बाहेर अनोळखी वाळवंट, पाण्याचा पत्ता नाही, लोक अरबी बोलणारे. मराठी तिथे चालणार नव्हती, आणि इंग्रजी ज्यांना येत होतं त्यांच्यापासूनच तर पळायचं होतं. काही मैलांवर ते पकडले गेले. त्यानंतर पहारा कडक झाला, अन्न सुटलं, क्षयानं शरीर पोखरलं. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते गेले. वय सदतीस.

शिरढोणला त्यांचं स्मारक आहे. कर्नाळ्याला जाल तेव्हा अर्धा तास आधी निघा आणि तिथे उतरा. रस्त्यापासून लांब नाही. आणि त्यांचे शब्द वाचायचे असतील तर मुंबई सरकारनं १९५७ साली स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांचा पहिला खंड छापला आहे, मोठ्या ग्रंथालयात मिळतो. त्यात ते आत्मचरित्र आहे. कोर्टासाठी केलेल्या इंग्रजीत.